जवळ दुकान नसताना सेंद्रिय आणि कच्चं खाणं: काही महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो. कोरडा माल लांबून खुशाल मागवा, ओल्या मालाच्या मागे लागू नका. आणि पाकिटावर ‘सेंद्रिय’ लिहिलं असेल तर ते तपासता येतं, ‘कच्चं’ (म्हणजे उष्णता न दिलेलं) लिहिलं असेल तर बहुतेक वेळा नुसता विश्वास ठेवावा लागतो.

आमच्या आसपास सेंद्रिय मालाचं धड दुकान नाही. त्यामुळे गेले काही महिने धान्य, कडधान्यं, सुकामेवा, बिया आणि तेल कुरिअरने येतंय, थोडी भाजी थेट शेतकऱ्याकडून, आणि मोड घरीच. या तिन्ही वाटांना एकच गुण देता येणार नाहीत.

सगळ्यात बरं चाललंय ते धान्याचं. अख्खं धान्य महिनोन्‌महिने टिकतं, पण दळलं की अंकुरातलं तेल हवेला उघडं पडतं आणि पीठ खवट व्हायला लागतं. जवसाचंही तेच. पूड मागवण्यात काही अर्थ नाही, अख्खे दाणे आणा आणि लागतील तसे दळा. पोतं घेतलं की वाहतुकीचा खर्च किलोमागे खूप उतरतो, म्हणून दोन-तीन घरांनी मिळून मागवायचं. भागीदार मात्र नीट निवडा, वाटणीच्या दिवशी नेमकं कोणीतरी गावाला गेलेलं असतं. सेंद्रिय मालाला साठवणीत रासायनिक धुरी चालत नाही, त्यामुळे किड्यांची अंडी जिवंत येऊ शकतात. माल आला की घट्ट बंद पिशव्यांत भरून चार दिवस उणे १८ अंशांवर फ्रीजरमध्ये ठेवायचा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर दाण्यांवर दव धरतं. एवढं केल्यापासून किडीचा त्रास जवळजवळ नाहीच.

आता ‘कच्च्या’ची गोष्ट, कारण खरी गोम इथे आहे. कॅलिफोर्नियात पिकणारे बदाम २००७ पासून निर्जंतुक केल्याशिवाय उत्तर अमेरिकेच्या बाजारात सहसा जाऊच शकत नाहीत. २००१ आणि २००४ मध्ये कच्च्या बदामांमुळे साल्मोनेला या जंतूची लागण झाली होती, त्यानंतरचा हा नियम. वाफ दिलेल्या त्या बदामांच्या पाकिटावर ‘कच्चे’ असंच छापलेलं असतं. काजूचं तर विचारूच नका. टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं, म्हणून काजू फोडण्याआधी सहसा वाफवतात किंवा भाजतात. बाजारातला ‘कच्चा’ काजू म्हणजे पुन्हा न भाजलेला काजू, इतकंच. ओट्सचे पोहेही वाफवूनच चपटे करतात, तसं केलं नाही तर ते लवकर कडू होतात. गोठवलेल्या भाज्या बहुधा उकळत्या पाण्यातून काढलेल्या असतात, फळं मात्र सहसा तशीच गोठवतात. त्यामुळे कच्चंच खायचं असेल तर गोठवलेली बेरीफळं हा दुर्लक्षित पण चांगला पर्याय आहे.

मी आता विक्रेत्याला एकच प्रश्न लिहून पाठवतो: हा माल जास्तीत जास्त किती तापमानातून गेलाय? एका विक्रेत्याने उत्तरादाखल ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं कळवलं. त्याच्याकडून पुन्हा काही घेतलं नाही. ज्याला आकडा माहीत असतो तो एका ओळीत सांगतो.

सेंद्रियच्या बाबतीत निदान कागद असतो. अमेरिका आणि युरोपीय संघ, दोन्हीकडे प्रक्रिया केलेल्या पदार्थावर सेंद्रियचं चिन्ह लावायला शेतीतले घटक किमान ९५ टक्के सेंद्रिय लागतात. अमेरिकेत ७० टक्क्यांच्या वर असेल तर ‘सेंद्रिय घटक वापरून केलेलं’ म्हणता येतं, पण चिन्ह मिळत नाही. प्रमाणपत्र मागवलं की नुसता क्रमांक बघू नका, मुदत बघा आणि तुम्ही घेताय तो पदार्थ त्या यादीत आहे का ते बघा. हेही लक्षात असू द्या की सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही असं नव्हे, तांब्याची काही संयुगं आणि पायरेथ्रिनसारखी वनस्पतिजन्य कीटकनाशकं चालतात. जर्दाळूची खूण सोपी आहे. चकचकीत केशरी असतील तर गंधकाची धुरी दिलेली असते, ती न दिलेले तपकिरी आणि दिसायला अगदीच गबाळे असतात. चवीला तेच मला जास्त आवडले.

छोट्या शेतकऱ्याकडे बरेचदा प्रमाणपत्र नसतं, कारण ते परवडत नाही. तिथे ‘फवारता का?’ असं विचारून काही हाती लागत नाही, सगळे नाहीच म्हणतात. ‘तणाचं काय करता?’ असं विचारा. खरोखर सेंद्रिय करणारा माणूस त्यावर अर्धा तास बोलतो, आच्छादनापासून खुरपणीच्या मजुरीपर्यंत सगळं गाऱ्हाणं ऐकवतो.

मोड घरी काढणं स्वस्त आणि ताजं, पण निर्धोक नाही. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जंतूच्या साथीत पन्नासहून जास्त माणसं गेली. माग मेथीच्या बियांपर्यंत आणि एका सेंद्रिय मळ्यातल्या कोंबांपर्यंत लागला. ऊब आणि ओल कोंबांना लागते तशी जंतूंनाही. म्हणून आमच्या घरी लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना मोड शिजवूनच देतो. राजमा मोड आणूनही कच्चा खाऊ नका. त्यातलं विषारी प्रथिन नष्ट व्हावं म्हणून तो भिजवून, पाणी बदलून, निदान दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो, मंद आचेवर भागत नाही. कच्चं दूध मी या सगळ्यातून वगळलंय, आणि कच्चा असो वा नसो, वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही.

पालेभाजीचा प्रश्न सुटलेला नाही. लांबून मागवलेली पेटी दोनदा मलूल होऊन आली आणि निम्मी टाकावी लागली. खिडकीतल्या कुंड्यांमधून कोशिंबिरीपुरतं निघतं. बाकीची भाजी साध्या बाजारातून येते, वाहत्या पाण्याखाली चोळून धुतो आणि शिजवून खातो.