ईसीएम: भंगारातला जुना, की आपलाच दुरुस्त?

खानापूरच्या पावसात गाडी बंद पडली की ‘ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला’ म्हणून मोकळं व्हायची घाई नको. आधी बॅटरी (१२.६ व्होल्टच्या आसपास हवी), फ्यूज, गंजलेलं अर्थिंग बघा. ईसीएमकडून सेन्सरना मिळणारे ५ व्होल्ट गायब असतील तर एकेक सेन्सर काढून पाहा. बऱ्याचदा चोर तिथंच सापडतो. स्कॅनरवर पी०६०६ (ईसीएमच्या प्रोसेसरमधल्या बिघाडाचा कोड) आला, तर ईसीएमवरचा संशय बळावतो.

भंगारातला ईसीएम स्वस्त. बॅटरीचा निगेटिव्ह काढून घरी बसवताही येतो. पण पार्ट नंबर जुळला तरी इमोबिलायझर (चोरी रोखणारी, ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) तुमची चावी ओळखत नाही. मग प्रोग्रॅमिंगसाठी बेळगाव गाठा, वर पैसे मोजा. आपलाच दुरुस्तीला दिला तर चार-आठ दिवस गाडी दारात उभी, पण चावीची भानगड सहसा नाही. पाण्यानं बोर्ड कुजला नसेल तर मी दुरुस्तीच करेन.