एक्स२००, एक्स२३० की नवा लॅपटॉप?

मालवणात वकिली करणाऱ्या माझ्या मावसबहिणीला लॅपटॉप घ्यायचाय. सातबारे, कुलमुखत्यारपत्रं, अशिलांचे जबाब, सगळं त्यातच राहणार. "दादा, नवाच घेऊ ना?" असं तिने विचारलं. तिच्यापुढे तीन पर्याय ठेवले: थिंकपॅडची एक्स२०० आणि एक्स२३० ही दोन जुनी मॉडेलं, नाहीतर नवा लॅपटॉप. तिच्यासारखे आणखी कुणी विचारात पडले असतील, म्हणून इथे लिहितोय.

इंटेलच्या २००८ नंतरच्या बहुतेक संगणकांत मॅनेजमेंट इंजिन (एमई) नावाचा वेगळा छोटा प्रोसेसर असतो. लॅपटॉप बंद असला तरी वीज मिळाली की तो जागा राहू शकतो. मेमरी आणि नेटवर्कपर्यंत त्याचा हात पोचतो, पण त्याचा सोर्स कोड आपल्याला पाहता येत नाही. एएमडीचंही तसंच. मुंबईला जाताना आपण घराची चावी शेजाऱ्याकडे ठेवतो, पण तो शेजारी आपल्या पारखीतला असतो. इथे चावी कुणाकडे आहे तेच कळत नाही. एमईत मुद्दाम ठेवलेली चोरवाट आजवर कुणी सिद्ध केलेली नाही, हे खरं. पण त्यावर चालणाऱ्या एएमटीत (दुरून संगणक सांभाळायची सोय) २०१७ मध्ये असा दोष उघड झाला, की पासवर्डच्या जागी रिकामं उत्तर पाठवलं तरी आत शिरता येई. कित्येक वर्षं तो तसाच पडून होता. माझा विश्वास तिथे उडाला.

नवा लॅपटॉप वेगवान, वॉरंटीसकट. पण बऱ्याच मॉडेलांत बूट गार्ड नावाचं कुलूप असतं. कंपनीची सही नसलेलं फर्मवेअर (मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) घातलं तर मशीन सुरूच होत नाही. म्हणजे पुढे मन बदललं तरी हात बांधलेले.

थिंकपॅड एक्स२०० हा २००८ चा. लिब्रेबूट हे खुलं फर्मवेअर घातलं की एमई पूर्ण निघतं, तीनांत सगळ्यात स्वच्छ हाच. पण कोअर २ ड्युओ हा जुना प्रोसेसर आणि जास्तीत जास्त ८ जीबी रॅम. व्हिडिओ सुनावणीत दमतो. शिवाय २०१८ मध्ये उघड झालेल्या स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या दोषासाठी इंटेलने या पिढीला मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली दुरुस्ती) दिलाच नाही.

एक्स२३०, २०१२ चा. यात एमई सगळं पुसलं तर मशीन ३० मिनिटांनी आपोआप बंद पडतं. एमई-क्लीनर नावाच्या साधनाने बहुतेक भाग काढता येतो, सुरुवातीपुरता तुकडा उरतो. रॅम १६ जीबीपर्यंत, स्पेक्टरचा मायक्रोकोडही मिळाला.

मी स्वतःच्या एक्स२३० वर हे केलं ते ऐन श्रावणात. कीबोर्ड उचलला तर खाऱ्या हवेने फर्मवेअर साठवणाऱ्या फ्लॅश चिपच्या पायांवर हिरवट बुरशीसारखा थर चढलेला. चिपला जोडायची क्लिप पकड घेईना, चिपमधलं फर्मवेअर दोनदा वाचून घेतलं तर दोन्ही प्रती वेगळ्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने पाय घासले, तेव्हा तिसरी आणि चौथी प्रत तंतोतंत जुळली. मगच लिहायला घेतलं. प्रोग्रामर (चिप वाचणारं-लिहिणारं उपकरण) बॅटरीवरच्या दुसऱ्या लॅपटॉपला जोडला होता, कारण मधेच वीज गेली असती तर चिप अर्धवट लिहिलेली राहिली असती.

बहिणीला मी एक्स२३० च सांगितलाय. जुन्या बाजारात घेताना आधी कीबोर्ड काढून दाखवायला सांग, म्हटलं. बोर्डावर हिरवं दिसलं तर दुसरा बघायचा.