ड्रश डिप्लॉय: लाइव्ह सर्व्हरवर काही महिने वापरल्यानंतर

एका महाविद्यालयाची ड्रुपल १० (वेबसाइट बनवायची आणि चालवायची पीएचपी भाषेतली प्रणाली) वरची साइट आम्ही सांभाळतो. प्रवेश, शुल्क आणि निकाल यांची मॉड्यूल, म्हणजे साइटला जोडायचे कोडचे भाग, आम्हीच लिहिली आहेत. पूर्वी कोड एफटीपीने चढायचा, मग कुणीतरी ॲडमिनमध्ये जाऊन अपडेट चालवायचं आणि सेटिंग्ज हाताने लावायचं. गेल्या प्रवेशाच्या हंगामाआधी सगळं ड्रश डिप्लॉयवर आणलं. ड्रश हे कमांड लाइनवरून ड्रुपल चालवायचं साधन, आणि डिप्लॉय ही त्यातली एक कमांड. आता जुन्या पद्धतीकडे परत जायचा प्रश्नच नाही. पण ही कमांड काय करते आणि काय करत नाही, ते नीट समजून घेतल्याशिवाय लाइव्हला हात लावू नका.

आधी डेटाबेस अपडेट, मग कॉन्फिगची आयात (फाइलींत साठवलेल्या सेटिंग्ज साइटवर चढवणं), कॅशे साफ आणि शेवटी डिप्लॉय हुक, अशी ती चालते. हुक म्हणजे ठरावीक टप्प्यावर आपोआप चालणारा मॉड्यूलमधला कोड. खरी किंमत या क्रमाची आहे. अर्जात आम्ही ‘शाखा’ हे नवं फील्ड आणलं, तेव्हा जुन्या नोंदींतही ते भरायचं होतं. फील्ड तयार होतं कॉन्फिगच्या आयातीत. अपडेट हुक त्याच्या आधी, डेटाबेस अपडेटच्या टप्प्यात चालतो, म्हणजे त्या वेळी फील्ड जागेवरच नसतं. भरण्याचा कोड मॉड्यूलच्या डिप्लॉय फाइलमध्ये ठेवला की तो आयात झाल्यावर चालतो, आणि एकदाच चालतो. याच कामासाठी आधी दोनदा डिप्लॉय करावं लागायचं.

सगळ्यात जपायचं ते कॉन्फिग आयातीला. वेबफॉर्म या मॉड्यूलने साइटवर बनवलेले फॉर्म ड्रुपलच्या लेखी कॉन्फिग असतात. कार्यालयातल्या बाईंनी लाइव्हवर चौकशीच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला, तर पुढच्या आयातीत फॉर्म गिटमधल्या (कोड आणि कॉन्फिगच्या आवृत्त्या साठवतो तिथल्या) जुन्या रूपावर परत जातो. त्यांनी नवाच फॉर्म बनवला असेल, तर तो गिटमध्ये नाही म्हणून उडतो आणि त्यावर आलेले अर्जही त्याच्यासोबत जातात. त्यांचं काहीच चुकत नाही, फॉर्म बदलणं हे त्यांचं रोजचं काम आहे. म्हणून कॉन्फिग इग्नोर मॉड्यूल बसवून सगळे वेबफॉर्म आयातीतून वगळले. शिवाय प्रत्येक वेळी आधी ड्रश कॉन्फिग स्टेटस चालवतो, ते साइटवरच्या आणि फाइलींतल्या कॉन्फिगमधला फरक दाखवतं. ‘फक्त डेटाबेसमध्ये’ अशी एक जरी ओळ दिसली, तरी तिथेच थांबतो आणि कार्यालयात फोन करतो.

कोड सर्व्हरवर नेणं मात्र या कमांडच्या कक्षेत नाही. आम्ही गिटवरून टॅग (नाव दिलेली ठरावीक आवृत्ती) ओढतो आणि कंपोझर (पीएचपीची पॅकेजेस आणणारं साधन) इन्स्टॉल चालवतो, डेव्ह पॅकेजेस, म्हणजे फक्त विकासासाठी लागणारी, वगळून. लाइव्हवर कंपोझर अपडेट कधीच नाही, कारण स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) तपासलेल्या लॉक फाइलमधल्याच, म्हणजे पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्या लिहिलेल्या फाइलमधल्याच, आवृत्त्या वर गेल्या पाहिजेत. ड्रश स्वतः कंपोझरच्या मुख्य रिक्वायर यादीत असू द्या, नाहीतर डेव्ह पॅकेजेससोबत तेही वगळलं जातं.

ऑपकॅश, म्हणजे पीएचपीचा कोड मेमरीत धरून ठेवणारी कॅशे, हीसुद्धा या कमांडच्या कक्षेबाहेर. आमच्या सर्व्हरवर फाइल बदलली का हे तपासणं बंद ठेवलंय, वेगासाठी. ड्रश कमांड लाइनवर चालतं, त्यामुळे त्याने ड्रुपलची कॅशे साफ केली तरी पीएचपी-एफपीएमच्या (वेबवरून येणाऱ्या विनंत्यांसाठी पीएचपी चालवणाऱ्या सेवेच्या) मेमरीत जुना कोड तसाच बसून राहतो. सर्व्हिसच्या कन्स्ट्रक्टरमध्ये एखादा पॅरामीटर वाढवला असेल तर याचा फार मनस्ताप होतो. सर्व्हिसेस तयार करणारा ड्रुपलचा कंटेनर नवा, क्लास जुना, आणि दोष कुठे ते लॉग बघूनही पटकन उमगत नाही. डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये एफपीएम रीलोडची एक ओळ घातली आणि हा त्रास संपला.

एखादं मॉड्यूल काढायचं असेल तर दोन फेऱ्या लागतात. पहिल्या फेरीत कोड जागेवर ठेवून कॉन्फिगमधून अनइन्स्टॉल, दुसऱ्या फेरीत कोड काढणे. दोन्ही एकदम केलं तर अनइन्स्टॉल करायला मॉड्यूलचा कोडच उरत नाही आणि डेटाबेसमध्ये अवशेष राहतात.

मला खटकणारी गोष्ट एकच, परतीची वाट नाही. जुना टॅग परत लावता येतो, पण चाललेले अपडेट हुक उलटे फिरत नाहीत. त्यासाठी डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, हवा आणि तो ही कमांड घेत नाही. साइट सुरुवातीपासून शेवटपर्यंत मेंटेनन्स मोडमध्ये (लोकांसाठी तात्पुरती बंद) ठेवणंही तिच्याकडून होत नाही. आम्ही आधी मेंटेनन्स मोड लावतो, मग डंप घेतो आणि त्यानंतरच डिप्लॉय. हा क्रम उलटा केला, तर डंप घेतल्यावर आलेले अर्ज डंप परत चढवताना पुसले जातील, आणि प्रवेशाच्या दिवसांत एकाही विद्यार्थ्याचा अर्ज असा गेलेला चालणार नाही.