सोनखाणींतल्या चिनी वस्त्या पाहायच्या तर बेंडिगो, ॲरोटाउन की जॉन डे?

एकोणिसाव्या शतकात सोन्यामागे निघालेले दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगचे लोक ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिकेच्या पश्चिम भागात पोचले. त्यांच्या खुणा नीट जपलेली ही तीन गावं. वेळ आणि पैसा एकाच गावापुरता असेल आणि लांबच्या प्रवासाची तयारी असेल, तर आमचं मत जॉन डेला. मेलबर्नला मुलांकडे राहायला आलेल्यांसाठी मात्र बेंडिगोच बरं.

बेंडिगोला मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्थानकातून रेल्वेने साधारण दोन तास लागतात आणि गोल्डन ड्रॅगन संग्रहालय स्थानकापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. 1901 च्या मिरवणुकीत नाचलेला ‘लूंग’ ड्रॅगन आता तिथे विश्रांती घेतो. ईस्टरच्या मिरवणुकीत 2019 पासून ‘दाय गम लूंग’ निघतो. तो नाचताना पाहायचा तर ईस्टरलाच जा आणि राहायची जागा बरीच आधी ठरवा. इमू पॉइंटचं, ग्वान दी या चिनी देवाचं लाल देऊळ रोज उघडं असेलच असं नाही, आधी चौकशी करा. बेंडिगो ज्यात येतं त्या व्हिक्टोरिया वसाहतीने 1855 मध्ये प्रत्येक चिनी प्रवाशावर 10 पौंड कर बसवला. तो चुकवायला हजारो लोक शेजारच्या वसाहतीत, रोबच्या किनाऱ्यावर उतरले आणि 400 किलोमीटरहून जास्त चालत खाणींवर आले. समाज पुढे टिकला, मिरवणूक टिकली, हे बेंडिगोत उत्तम कळतं. खाणकामगार रोज राहायचा कसा, ते तितकंसं कळत नाही.

ते ॲरोटाउनमध्ये कळतं. न्यूझीलंडमधल्या क्वीन्सटाउनहून 20 किलोमीटर, तिकीट नाही. गोरे खाणवाले नव्या खाणींकडे निघून गेले, तेव्हा इथल्या ओटागो प्रांताने 1865 मध्ये चिनी कामगारांना आमंत्रण दिलं. बुश क्रीकच्या काठावर दगडमातीच्या खोपट्या आहेत, एकेकट्या पुरुषापुरत्या. बायकामुलं गावीच राहिलेली. बऱ्याच खोपट्या 1983 च्या उत्खननानंतर पुन्हा उभारलेल्या आहेत. आह लमचं दुकान मात्र जुनंच. अनेकजण थेट इथे येतात, वाकून दोन दारांतून आत डोकावतात आणि निघतात. आधी गावातलं लेक्स डिस्ट्रिक्ट संग्रहालय पाहा, नाहीतर नुसत्या भिंती दिसतील. 1896 मध्ये 100 पौंडांवर गेलेला, येणाऱ्या चिनी माणसांवरचा डोईपट्टीचा कर आणि 2002 मध्ये सरकारने त्याबद्दल मागितलेली माफी, हा संदर्भ ठाऊक असेल तर त्या खोपट्यांचा अर्थ लागतो.

अमेरिकेच्या ओरेगन राज्यातलं जॉन डे पोर्टलंडहून मोटारीने सुमारे पाच तासांवर. मुक्काम धरूनच जा. इथलं ‘काम वा चुंग’ म्हणजे जाड दगडी भिंतींची, लहान खिडक्यांची एक बसकी इमारत. लुंग ऑन दुकान चालवायचा, पत्रं लिहून द्यायचा, पुढे मोटारीही विकायचा. त्याचा भागीदार, ‘डॉक हे’ नावाने प्रसिद्ध, नाडीपरीक्षा करून औषध द्यायचा. गोरे रोगीही त्याच्याकडे यायचे. 1948 मध्ये तो आजारपणामुळे बाहेर पडला आणि इमारतीला कुलूप लागलं, ते जवळजवळ वीस वर्षं. त्यामुळे पाचशेच्या वर औषधी, देव्हारा, स्वयंपाकघर, झोपायचे फळ्यांचे बाक, सगळं जागच्या जागी सापडलं. पलंगाखाली न वटवलेले हजारो डॉलरचे चेकही होते. गरिबांकडून पैसे घ्यायचे नाहीत म्हणून त्याने ते वटवले नाहीत, असं सांगितलं जातं. मांडणी नंतर कोणी रचलेली नाही, हेच जॉन डेला वर ठेवायचं कारण.

प्रवेश मोफत, पण आत फक्त मार्गदर्शकाबरोबर आणि लहान गटातच सोडतात. मे ते ऑक्टोबर एवढाच हंगाम. गावात पोचल्यावर आधी समोरच्या माहिती केंद्रात नाव नोंदवा, मग जेवायला जा. उलट केलंत तर दिवसाची शेवटची फेरी हुकू शकते.