चर्चमधून आणलेली खाट, हवेची गादी आणि व्हीलचेअर : काही महिन्यांच्या वापरानंतर

मृग लागायच्या तोंडावर बाबा अंगणात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. सेवाग्रामला ऑपरेशन झालं. सुट्टी देताना डॉक्टरांनी यादीच दिली : वर-खाली होणारी खाट, हवेची गादी, कमोडची खुर्ची, व्हीलचेअर, पुढे वॉकर. हे सगळं विकत घ्यायचं म्हणजे बियाण्याचा आणि खताचा पैसा त्यात घालायचा. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या माणसाला एकदाच ३,००० रुपये मिळतात. त्यात वॉकर आणि कमोडची खुर्ची बसते, खाट बसत नाही. गावातल्या आशाताई म्हणाल्या, "तालुक्याच्या चर्चमधे भेटते ना जी सगळं. मागून तर पाहा." आम्ही ख्रिस्ती नाही, त्या फाटकाच्या आत कधी पाऊलही टाकलं नव्हतं. तरी गेलो.

चर्चच्या मागे एक जुनी खोली आहे, पूर्वी तिथे रविवारची शाळा भरायची म्हणतात. आता तिथे ही साधनं ठेवली आहेत. रजिस्टर एका निवृत्त नर्सबाईंकडे आहे, सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणतात. डिस्चार्ज कार्ड पाहिलं, आधारची झेरॉक्स घेतली, डिपॉझिट घेऊन पावती फाडली. भाडं नाही. जात, धर्म, गाव, कोणाच्या ओळखीने आलात, यातलं काही विचारलं नाही. विचारलं ते वेगळंच : पेशंटचं वजन किती, घरात लाइट किती तास असते, रात्री उठून कूस बदलून देणारं कोण आहे?

खाटेबद्दल आधी. लोखंडी आहे, पायथ्याशी दोन हँडल, एकाने डोकं उचलतं, दुसऱ्याने गुडघे. रंग उडालेला, पण हँडल लहान मुलालाही फिरेल इतकं हलकं, कारण स्क्रूला ग्रीस लावलेलं होतं. दर वेळी खाट परत आली की मंडळीतला, म्हणजे या चर्चच्या सभासदांतला, एक वेल्डर पोरगा ती उघडून साफ करतो, असं नंतर कळलं. या सगळ्या व्यवस्थेत मला सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. वस्तू दान देणारे पुष्कळ असतात. ती पुढच्या माणसाला देण्याजोगी ठेवणारे फार कमी. आमच्याच भागात एका ठिकाणी वाजतगाजत वाटलेल्या व्हीलचेअर मी गंजून पडलेल्या पाहिल्या आहेत.

हवेची गादी मात्र नुसती आणून टाकायची वस्तू नाही. तिच्यात आडवे कप्पे असतात. पंप थोड्या थोड्या वेळाने एक सोडून एक कप्पा भरतो आणि रिकामा करतो, म्हणजे अंगाचा भार एकाच जागी राहत नाही आणि पाठीला, माकडहाडाला जखम होत नाही. सिस्टरबाईंनी घरी येऊन दोन गोष्टी शिकवल्या. एक, गादीवर एकच पातळ चादर. आईने मायेने वाकळ घातली होती, ती त्यांनी काढायला लावली, कारण जाड अंथरुणाने गादीचा उपयोगच मरतो. दुसरी, बाबा झोपलेले असताना कंबरेखाली, गादीच्या तळाशी हात सरकवून बघायचा. हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे. लाइट गेली की पंप बंद, आणि आमच्याकडे वारं-वादळ झालं की लाइट गेलीच समजा. तेव्हा नळी पंपापासून काढून बूच लावायचं, हवा बराच वेळ टिकते. तरीही दर दोन तासांनी कूस बदलणं सुटत नाही, गादी त्याला पर्याय नाही. आईने आणि माझ्या बायकोने रात्री वाटून घेतल्या होत्या. बाबांना एकही जखम झाली नाही.

व्हीलचेअर दवाखान्याच्या फरशीवर उत्तम, आमच्या गावात पावसाळ्यात अवघड. काळी माती पुढच्या छोट्या चाकांत घुसते आणि वाळली की सिमेंटसारखी बसते. पुतण्या पऱ्हाटीची काडी घेऊन ती कोरून काढायचा. चिखलातून किंवा उंबऱ्यावरून नेताना खुर्ची उलटी फिरवून मागची मोठी चाकं आधी न्यायची, म्हणजे पेशंट पुढे तोंडावर जात नाही. वॉकर आला तेव्हा त्याचे रबरी बूट झिजलेले होते आणि सारवलेल्या जमिनीवर सटकत होते. सांगितल्याबरोबर नवे मिळाले.

आता जो प्रश्न मला सगळ्या सोयऱ्यांनी विचारला तो : "धर्म बदलायले तं नाही सांगत?" नाही. चर्चचे पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, दोनदा घरी आले. बाबा तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे जुने माणूस, अंथरुणावरूनही सायंकाळची सामुदायिक प्रार्थना म्हणायचे. पाळकसाहेब पहिल्यांदा आले ती नेमकी प्रार्थनेची वेळ होती. ते हात जोडून शेवटपर्यंत बसले, मग विचारलं, "मी पण तुमच्यासाठी दोन शब्द प्रार्थना करू का? नको म्हटलं तरी चालेल." बाबाच म्हणाले, "करा ना जी." तेवढंच. पुस्तक नाही, पत्रक नाही, या म्हणून निमंत्रण नाही.

बाबांच्या पिढीला याचं नवल नाही. त्यांच्यासाठी मिशन म्हणजे दवाखानाच : आमच्याच जिल्ह्यातला उमरीचा, तिकडे अचलपूरजवळ कोठाऱ्याचा कुष्ठरोग्यांचा. यवतमाळला तर १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं मोठं विद्यालय होतं. आमच्या तालुक्याच्या चर्चची मंडळी तशी मोठी नाही. शंभरभर माणसं असतील, बहुतेक शेतकरी, मजूर, दोन-चार शिक्षक. बाहेरचा पैसा नाही. हंगाम झाला की आपापल्या पिकातला वाटा चर्चमध्ये आणतात, तूर, भोपळे, कोंबड्या, आणि अंगणात लिलाव होतो. त्यातून आणि रविवारच्या अर्पणातून रबरी बूट, ग्रीस, पंपाची दुरुस्ती निघते. यंदा मीही लिलावाला गेलो आणि बाजारभावापेक्षा चढ्या भावाने तूर घेऊन आलो. ज्यांच्या स्वतःच्या घरांवर टिनाचे पत्रे आहेत ते अनोळखी गावासाठी खाट सांभाळतात, याचा मला अतिशय आदर वाटतो.

उणिवा आहेत आणि त्या मी त्यांना सांगितल्याही. खाटा अगदीच मोजक्या, त्यामुळे थांबावं लागतं. आम्हाला लगेच मिळाली हे नशीब. खाट नेण्या-आणण्याचा खर्च आपला, छोट्या हत्तीवाल्याने आमच्याकडून चांगलेच पैसे घेतले. फाटकावर साधी पाटीसुद्धा नाही. आशाताईंना माहीत नसतं तर आम्हाला कधी कळलंच नसतं, आणि गरज असलेल्या कित्येक घरांना आजही माहीत नाही. पाटी लावली तर गावात नाही नाही ते बोलणं होईल, ही त्यांची भीती मला समजते, तरी पाटी हवीच. ग्रामपंचायतीने आपल्या फलकावर एक ओळ लिहिली तरी काम होईल, मी सरपंचांकडे तसं मागितलं आहे.

बाबा आता वॉकर धरून परसापर्यंत जातात. खाट आणि गादी आम्ही परत केली, ती दुसऱ्याच दिवशी पुढच्या गावात गेली. वॉकर अजून आमच्याकडे आहे.

तुम्हाला जायचं असेल तर दिवस मावळायच्या सुमारास किंवा रविवारी दुपारी जा, एरवी खोलीला कुलूप असतं. घराचं दार मोजून जा, खाट साधारण तीन फूट रुंद आहे. दोन्ही बाजूच्या पाट्या निघतात, पण सांगाडा आडवा करून घ्यावा लागतो. सोबत दोन धट्टेकट्टे गडी न्या. आणि वेचणीच्या दिवसांत आधी फोन करा, सिस्टरबाईसुद्धा तेव्हा वावरात असतात.