अल्पाइन लिनक्स : डॉक्युमेंटेशनच्या बाबतीत मस्त, पण...

अल्पाइन ही छोटीशी लिनक्स सिस्टिम. तिची कंटेनर इमेज (कंटेनरमध्ये चालवायचा सिस्टिमचा तयार पॅक) जेमतेम 5 एमबीच्या आसपास, त्यामुळे मॅन पेज (कमांडची माहिती देणारी पानं) आधीपासून नसतात हे मला पटतं, प्रत्येक पॅकेजची डॉक्स वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवलीयत आणि एकदा 'एपीके ॲड डॉक्स' केलं (एपीके म्हणजे अल्पाइनचं पॅकेज टाकायचं टूल) की पुढच्या पॅकेजची डॉक्सही आपोआप येतात, हे फारच भारी आहे. मॅन पेज वाचायला मॅनडॉक हा प्रोग्रॅम टाका, छोटा आहे, मॅन पेज लिहायचे दोन्ही फॉरमॅट, जुना मॅन आणि एमडॉक, वाचतो, वर एचटीएमएल, पीडीएफसुद्धा काढून देतो, मग त्याच कामासाठी ग्रॉफ या मोठ्या प्रोग्रॅमचं ओझं कशाला? इन्फो हा डॉक्सचा वेगळा फॉरमॅट तर बेसमध्ये (मूळ सिस्टिममध्ये) नकोच बुवा, त्याला वेगळा रीडर लागतो. फक्त लॅपटॉपवर टाकताना इन्स्टॉलरने मॅन पेज हवेत का एवढं विचारायलाच हवं, नेट नसेल तेव्हा नवीन माणूस अडकतो. ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बघा, मॅन पेज बेसमध्येच येतात.