अठरा पूर्ण झाली: गाडी शिकवणार कोण, ड्रायव्हिंग स्कूल की घरचे?

बारावीचा निकाल लागला की गोव्यात घरोघरी हा विषय निघतोच. कॉलेज लांब, संध्याकाळनंतर बसचा भरवसा नाही, आणि मुलांना कधी एकदा चावी हातात येते असं झालेलं असतं.

अठराच्या आत स्कूटर देणं हा मात्र पर्यायच नव्हे. ‘ट्यूशन तर इथंच आहे’ म्हणून चावी देणाऱ्या पालकाला मोटार वाहन कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीनंतर 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते, मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीचं. आपल्या दारातली स्कूटर 110 किंवा 125 सीसीची असते.

चारचाकीसाठी सुरुवात स्कूलमध्येच करा. मास्तरांच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, बाबांच्या पायाखाली नसतो. नियमानुसार 21 दिवसांत प्रत्यक्ष चालवण्याचे किमान 10 तास मिळायला हवेत. पैसे भरण्याआधी तेवढं विचारून घ्या. पण दहा तासांत क्लच आणि रिव्हर्स जमतं, पाऊस आणि रात्र जमत नाही. ते काम घरच्यांचं. लर्निंग लायसन्स 6 महिने चालतं. तिसाव्या दिवसानंतर टेस्ट देता येते म्हणून लगेच धावू नका. ‘एल’ लावून, शेजारी बसून जून-जुलैचा पाऊस मुलाला दाखवा. आरडाओरडा करणाऱ्याने मात्र शेजारी बसू नये, त्यापेक्षा मावशी किंवा काका बरे, लायसन्स असलेले.

दुचाकीचं गणित उलटं, आणि खरी काळजी तिथंच आहे. मागे बसलेल्या आईचा हात ब्रेकपर्यंत पोचत नाही. म्हणून आधी रिकामं मैदान, हेल्मेट घालूनच, आणि दोन्ही ब्रेक एकत्र दाबण्याची सवय. मग गावातलं एखादं वळण निवडा: दोन्ही बाजूंना चिऱ्यांचं कुंपण, पलीकडचं काही दिसत नाही, वर ओला पाचोळा. वळणाच्या आधी वेग कमी, हॉर्न, डावी बाजू. बस अंगावर आल्यासारखी समोर येते तेव्हा हे आपोआप व्हायला हवं. इतका वेळ घरचं माणूसच देईल.

लायसन्स हातात आल्यावरचे पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे. अमेरिकेत ‘चेकपॉइंट्स’ नावाच्या कार्यक्रमात पालक आणि मूल लेखी करार करतात: सुरुवातीला रात्री गाडी नाही, मित्रांना घेऊन फिरणं नाही, नीट चालवली की बंधनं टप्प्याटप्प्याने सैल. तोंडी ताकीद आणि असा कागद यांत मी कागद निवडेन, कारण ‘तुम्ही तसं म्हणालाच नव्हता’ हा वाद उरत नाही. आपल्याकडे त्यात आणखी एक ओळ घाला: फोन डिकीत. आणि जत्रेच्या रात्री उशीर झाला तर फोन कर, न रागावता न्यायला येऊ, हे पालकांनी लिहून द्यावं.

फीसाठी पैसे बेताचेच असतील तर चारचाकी वर्षभर पुढे ढकला, पण दुचाकीच्या सरावाला रोज अर्धा तास काढा.